स्क्रीनवरचे चार

आदिनाथ गर्जे कामाच्या वेळेत झोपतो, अशी तक्रार मी साहेबांकडे तीनदा केली होती. तिसऱ्या वेळी साहेब म्हणाले, "मोनिका, त्याला झोपू दे. तू जागी राहून करतेस त्यापेक्षा तो झोपेत जास्त काम करतो." झालं, माझ्या अंगाचा तिळपापड. आठ दिवस मी साहेबांशी कामापुरतं बोलले आणि आदिनाथशी तेवढंही नाही.

आमची कंपनी म्हणजे नगरच्या एमआयडीसीतली एक पत्र्याची शेड आणि चौदा माणसं. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण माझ्या तोंडात अजून नगरच येतं. गावोगावच्या दूध संकलन केंद्रांवर जे मशीन असतं ते आम्ही बनवतो. दुधाचं वजन घ्यायचं, पावती छापायची आणि दूध गार करणाऱ्या टाकीचा कॉम्प्रेसर चालू-बंद करायचा, ही तिन्ही कामं एकाच पेटीत. पेटी बाहेर जायच्या आधी तिची परीक्षा मी घेते. माझी सही झाल्याशिवाय ती गेट ओलांडत नाही. माझी जीभ तिखट आहे असं लोक म्हणतात, तर असू दे, कच्चं मशीन गावात जाण्यापेक्षा ते बरं.

आदिनाथ त्या पेटीच्या आतलं लिहायचा. स्क्रीनवर दिसतं ते नव्हे, त्याच्याही खालचं. त्याला कर्नल म्हणतात. पेटीत एकाच वेळी पाच-पंचवीस कामं चाललेली असतात, त्यात आधी कुणी, नंतर कुणी आणि थांबायचं कुणी, हे ठरवणारा तो कारभारी. वरचं काही बिघडलं तर कारभारी सांगतो तरी. पण कारभारीच बसला तर सांगायला कुणी उरत नाही.

माणूस चौतीस वर्षांचा, काटकुळा, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. तिसगावच्या पलीकडच्या एका वस्तीवरचा. दिवाळी झाली की आईवडील कोयता घेऊन कारखान्याकडे जायचे, म्हणून याची शाळा निम्मी गावात आणि निम्मी उसाच्या फडात झाली. पुढे डिप्लोमा केला. इंग्रजी शिकला तो चिपांच्या जाडजूड पुस्तकांतून. "बोलता येत नाही, वाचलं की कळतं," म्हणायचा. केडगावात एक खोली घेऊन राहायचा आणि सायकलवर यायचा. दुपारी बाजरीची भाकरी खाऊन झाली की शेडमागच्या कडुलिंबाला पाठ टेकायचा आणि डोळे मिटायचा. मांडीवर बोटं तेवढी हलत राहायची.

एकदा मी त्याला खांद्याला धरून हलवलं. म्हटलं, "हे काय चाललंय?"

"आत जाऊन आलो," तो म्हणाला.

"आत म्हणजे कुठं?"

त्याने खूप वेळ विचार केला. त्याचा हा विचार करण्याचा वेळसुद्धा माझ्या डोक्यात जायचा. मग म्हणाला, "तिथं सगळी कामं उभी असतात, मोनिकाताई. रांगेत नाही, जिथं तिथं. कुणी कुणाशी बोलत नाही. उजेड असतो, पण सावली पडत नाही. मी एकेकापाशी जाऊन उभा राहतो आणि विचारतो, तू कशासाठी थांबलायस?"

"आणि ती सांगतात?"

"घाई केली नाही तर सांगतात."

मी कपाळावर हात मारला आणि आत गेले. असल्या माणसाशी भांडायचं तरी कुठून.

मागच्या उन्हाळ्यात, चैत्रात, तिसगावजवळच्या एका केंद्रावरून फोन आला. टाकी रातभर बंद राहिली आणि सगळं दूध नासलं. गावाने ते ओढ्यात ओतलं. केंद्र चालवायची राजेश्वरी नावाची चाळिशीची बाई. नवरा ट्रकवर, महिना महिना घरी नाही, त्यामुळे एका मुलीसह तिचं घर या केंद्रावर उभं. पहाटे चारला उठायची. गावात तिच्याविषयी वाकडा शब्द नव्हता.

पेटी तपासायला मी गेले. पेटी मिनिटामिनिटाची नोंद ठेवते. संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटांपर्यंत नोंदी होत्या, आणि त्यानंतरची नोंद एकदम पहाटे पाच दहाची. मधे कोरं. म्हणजे मेन स्विच बंद केलेला. फरशी धुताना शॉक बसू नये म्हणून मेन बंद करायची पद्धत सगळ्याच केंद्रांवर आहे.

"मेन बंद केलात आणि चालू करायला विसरलात," मी तिला म्हटलं.

"न्हाई मॅडम. त्या सांजंला मी मेनला हातबी लावला न्हाई. आठ वाजेस्तोवर हितंच खुर्चीत बसले हुते. स्क्रीनवर चार डिग्री बघितलं आन मंगच कुलूप लावलं."

"मशीनच बंद होतं तर स्क्रीनवर चार कुठून दिसेल? बसल्या बसल्या डोळा लागला असेल."

मी अहवालात लिहिलं, मशीन ठीक, ऑपरेटरची चूक, बहुधा झोप. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, तसं माझं पेन.

वैशाखात पुन्हा तेच. पुन्हा संध्याकाळनंतर कोरं, पुन्हा पहाटे नासलेलं दूध. पुन्हा मीच गेले, रागाने धुमसत. या खेपेला ती भांडली नाही. आजारपण सांगावं तशा आवाजात म्हणाली, "मॅडम, ह्या बारीला मी डोळं फाडून बसले हुते. चार दिसलं. लई येळ दिसलं. पन तुमी म्हनता मशीन बंदच हुतं, तर मला सपानच पडलं आसंल."

मी तीच ओळ पुन्हा लिहिली. दूध संस्थेने ठरवलं की येत्या शनिवारी बैठक घ्यायची आणि राजेश्वरीला काढायचं. गावात तिला झोपाळू म्हणायला लागले होते. एकदा ते नाव पडल्यावर दुसरं कुठलं केंद्र तिला उभं करणार?

सोमवारी माझा अहवाल टेबलावर पडलेला होता, तो आदिनाथने वाचला. एरवी हा माणूस कुणाचा कागद वाचत नाही.

"तिला चार दिसलं?" त्याने विचारलं.

"स्वप्नात."

"दोन्ही वेळा चारच?"

"हो."

"स्वप्नात माणसाला तोच आकडा दोनदा दिसत नाही, मोनिकाताई," असं म्हणून तो सकाळी अकरालाच लिंबाखाली जाऊन बसला.

तासाभराने परत आला. म्हणाला, मशीन बंद नव्हतं. अडकलं होतं. अडकलं की शेवटचं चित्र स्क्रीनवर तसंच राहतं, आतून कुणी ते बदलत नाही. कॉम्प्रेसर त्या क्षणी थांबलेला असेल तर थांबलेलाच राहतो. आणि नोंद लिहिणाराही अडकलेलाच असतो. "बंद पडलेल्या मशीनची वही कोरी राहते आणि अडकलेल्याचीही कोरीच," तो म्हणाला.

मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. दोन वर्षं मी कोरी जागा दिसली की 'मेन बंद' लिहीत आले होते. पण हार मानेन ती मी कसली. म्हटलं, "मग अडकवून दाखव."

दोन दिवस आम्ही शेडमध्ये तसलीच पेटी घेऊन बसलो. लोखंडी वजन काट्यावर ठेवायचं, पावती येऊ द्यायची, वजन उचलायचं. चार हजार वेळा. एकदाही अडकली नाही. आत काय चाललंय ते कळावं म्हणून आदिनाथने जागोजागी जादा नोंदी लिहायला लावल्या, तर ती आणखीच सरळ चालायला लागली. नोंद लिहायला क्षणभर लागतो, त्या क्षणाने सगळ्यांची चाल बदलते, म्हणून. पाहुणे आले की घरातली पोरं शहाण्यासारखी वागतात ना, तसं. माझी चिडचिड झाली. तो मात्र गालावर हात ठेवून पेटीकडे बघत राहिला आणि गुरुवारी म्हणाला, "हिला इथं करमत नाही. आपण तिथं जाऊ."

दुपारच्या एसटीने निघालो. करंजीचा घाट चढताना खिडकीतून गरम वारा येत होता आणि अर्धी गाडी पेंगत होती. आदिनाथचे डोळे मिटलेले, बोटं मांडीवर. मला आयुष्यात प्रवासात झोप आलेली नाही, पण त्या दिवशी मीही कुठल्याशा उजेडात जाऊन आले, जिथं सावली पडत नव्हती. तिसगावला कंडक्टरने उठवलं. मी कुणाला काही सांगितलं नाही. मुक्काम आदिनाथच्या आईवडिलांकडे केला.

शुक्रवारी सकाळी सहाला केंद्रावर गेलो. आदिनाथ कोपऱ्यात एक क्रेट पालथं घालून बसला. मी वायरी तपासत होते. बायाबापड्या कॅन घेऊन येत होत्या, कुणी चालत, कुणी मोटरसायकलवर. राजेश्वरी कॅन काट्यावरच्या स्टीलच्या भांड्यात ओतायची, वजन दिसायचं, पावतीचा किर्र आवाज यायचा, मग ती खालची तोटी सोडायची आणि दूध टाकीत जायचं. ओतणं, किर्र, तोटी. ओतणं, किर्र, तोटी. दारातून कोवळं ऊन फरशीवर सरकत होतं. ऐकता ऐकता माणूस गुंगून जावा असा तो आवाज होता, आणि आदिनाथ तर गुंगलाच. झालं, हा इथंही झोपला, असं मी मनात म्हटलं.

शेवटची कॅन झाली तसे त्याने डोळे उघडले. "ताई, ते ओगराळं," तो म्हणाला.

हातातलं ओगराळं राजेश्वरीने पदराआड नेलं.

मी दोनदा येऊन गेले होते, आणि मला ते दिसलं नव्हतं. किंवा मी असताना तिने ते केलंच नव्हतं. पावती छापायला लागली की ती काट्यावरच्या भांड्यात ओगराळं बुडवायची आणि घोटभर दूध कॅनमध्ये परत घालायची. प्रत्येकाच्या.

"भांडं रिकामं घरी न्हेऊ न्हाई म्हनत्यात," ती खाली बघत म्हणाली. "माझी आय कुनाचं भांडं तसंच धाडायची न्हाई, काय न्हाई तर चिमूटभर साखर घालायची. सवय हाय हाताला. पन माप झाल्यालं दूध काढते मी, म्हंजी चोरीच की वो. म्हनून तुमास्नी बोलले न्हाई. लिवू नका, दादा. झोपाळू म्हनत्यात ती म्हनू द्या, पन चोर नगं."

आदिनाथ उठून तिच्यापाशी गेला. "रोज? पावती निघत असतानाच?"

"व्हय. आवाज सुरू झाला की हात आपसूक जातोय."

"आणि मधेच मशीन अडकतं कधी?"

"कवातरी. मंग मेन बंद करून चालू करती. लाईटीनं व्हत आसंल."

म्हणजे मधल्या कॅनला अडकलं की पुढच्याचं वजन होत नाही, ती मेन खटकन बंद-चालू करते आणि काम पुढे जातं. शेवटच्या कॅनला अडकलं की पुढे कुणी नसतंच. पावती निघालेली, स्क्रीनवर चार. कुणाला कळणार? पहाटे पहिल्या कॅनचं वजन होत नाही म्हणून मेन बंद-चालू होणार, तोवर दूध नासलेलं.

आदिनाथने एका पावतीच्या पाठीवर मला समजावून सांगितलं. आत वजनाची एक जागा आहे. तिथं एका वेळी एकानेच हात घालायचा, म्हणून तिला लॉक आहे, कुलूप समजा. पावतीचा मजकूर प्रिंटरकडे गेला, की छपाई चालू असताना पेटी ती किल्ली घेते, वजन खात्यात मांडते, किल्ली ठेवते. निमिषाचं काम. पण काट्यावरचं वजन हललं की काटा हाक मारतो. त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात आणि तिचा नियम असा, की हातातलं काम टाकून आधी तिला ओ द्यायची. आता समजा, किल्ली हातात असताना त्याच निमिषात हाक आली. हाकेचं कामही त्याच कुलपाआड. उजव्या हातातली किल्ली डावा हात मागतोय, आणि डाव्याचं झाल्याशिवाय उजव्याला हलायची परवानगी नाही. मग दोघंही तसेच उभे. कायमचे.

"शेडमध्ये पावती निघेपर्यंत आपण वजनाला हात लावत नव्हतो," तो म्हणाला. "त्यामुळे हाक कधी त्या वेळी आलीच नाही. किल्ली हातात असेपर्यंत हाकेला दार बंद ठेवायला हवं होतं. एक ओळ लागते. ती मी दोन वर्षांपूर्वी लिहायला हवी होती."

मी त्याला बोलणार होते, पण माझ्याच तोंडाला कुलूप लागलं. कारण पेटी अडकली तर तिला आपोआप पुन्हा उठवणारी एक सोय आत असते, आणि परीक्षेच्या वेळी सारखी मधे येते म्हणून ती मीच बंद ठेवायला लावली होती.

दुपारी आम्ही कॅनमध्ये पाणी भरून करून बघितलं. राजेश्वरीला म्हटलं, रोज करता तसं करा. पण आता तिला आपलाच हात दिसायला लागला होता. ओगराळं पावती संपल्यावर भांड्यात पडायचं. शंभर वेळा केलं, काही झालं नाही.

शनिवारी अकराला बैठक केंद्रातच भरली. चेअरमन सहादेव अण्णा आणि चार पंच. लंकाबाई नावाची रोज दूध घालणारी म्हातारी, तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आलीच. राजेश्वरीने केंद्राची किल्ली आधीच टेबलावर काढून ठेवली होती. टँकर दूध घेऊन गेला होता आणि टाकीत आम्ही थोडं पाणी भरून गार करून ठेवलं होतं. काट्याच्या तोटीखाली बादली लावली होती, म्हणजे ओतलेलं पाणी टाकीत जाणार नाही. आदिनाथने जादा नोंदी सगळ्या काढून टाकल्या आणि पेटीला एक बारीक लाल दिवा जोडला. आत किल्ली घेतली की तो लागणार, ठेवली की विझणार. नुसती पापणी लवल्यासारखा दिसायचा.

मी त्याला बाजूला घेतलं. "अरे, एकदाही अडकलं नाही आणि तू चारचौघांत करणार? नाही झालं तर बाई जन्माची झोपाळू ठरेल."

"तिच्या हाताशिवाय होणार नाही, मोनिकाताई. आणि तिला हात विसरायला लावायचाय."

पंचांना त्याने अडखळत सगळं सांगितलं, ओगराळ्यासकट. राजेश्वरीने डोळे मिटून घेतले. सहादेव अण्णा म्हणाले, "ती घोटभर दुधाची गोष्ट व्हय? त्याचा चहा माझ्या घरी रोज हुतो. सगळ्या गावाला ठावं हाय. फुडं बोला."

सुरुवात झाली. ओतणं, किर्र, तोटी. दहा, वीस, तीस. ओगराळं अजून उशिराच पडत होतं. अण्णांनी घड्याळ बघितलं. तेव्हा आदिनाथ लंकाबाईला म्हणाला, "मावशे, तू रोज हिथं हुभी राहून काय बोलतीस ते बोल की."

लंकाबाईला सांगायलाच नको होतं. म्हशीने कडबा सोडल्यापासून सुरू झाली ती सुनेच्या माहेरापर्यंत गेली. "व्हय," राजेश्वरी म्हणायची. "आन मंग?" म्हणायची. वर पंखा घरघरत होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं. साठ, सत्तर. म्हातारीचा आवाज, पाण्याचा आवाज, पावतीची किर्र, आणि हळूहळू राजेश्वरीची नजर कुठंतरी दारापलीकडे गेली आणि हात आपल्या वाटेने जायला लागला. किर्र झाली की ओगराळं, किर्र झाली की ओगराळं. मी मोजायची थांबले. एका पंचाची मान छातीवर आली होती. खुद्द अण्णांचे डोळे मिटले होते. आम्ही सगळेच त्या आवाजात बुडून कुठं तरी लांब उभे होतो, आणि आदिनाथ एकटा आमच्यात पूर्ण जागा होता. तो दिव्याकडे बघत होता.

दिवा लागला आणि विझला नाही.

काहीच आवाज झाला नाही. पावती पूर्ण बाहेर आली. लंकाबाई बोलतच होती.

"अण्णा, उठा," आदिनाथ हलकेच म्हणाला. "स्क्रीनवर किती हाय?"

अण्णांनी टोपी सारखी केली, चष्मा लावला. "चार."

"आता तुमच्या हातानं टाकीत दोन बादल्या गरम पाणी वता."

अण्णांनी ओतलं. टाकीत साधा थर्मामीटर सोडला, तो वीसच्या वर गेला. स्क्रीनवर चार. पाच मिनिटं गेली. कॉम्प्रेसर गप्प, लाल दिवा लागलेला, स्क्रीनवर चार. मग आदिनाथने मेन बंद करून चालू केला आणि नोंदी दाखवल्या. अडकल्यापासून चालू होईपर्यंत कोरं होतं.

"ह्या कोऱ्या जागेलाच आम्ही झोप म्हटलं," तो म्हणाला. "मशीन आतून अडकत हुतं. ती चूक माझ्या हातची हाय."

"चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालो हुतो आपन," अण्णा पंचांकडे वळून म्हणाले.

"फाशीचा कागद मी लिहिला होता, अण्णा," मी म्हटलं. टेबलावरची किल्ली अण्णांनी उचलून राजेश्वरीच्या हातात दिली.

ती हसली नाही की रडली नाही. किल्ली मुठीत धरून आदिनाथसमोर आली. "दादा, मंग त्या दोनी येळंला चार हुतं? खरंच हुतं?"

"व्हय ताई. खरंच हुतं."

"म्हंजी मी जागी हुते?"

"जागी हुता."

तिने ते ओठांतल्या ओठांत पुन्हा म्हणून बघितलं. मग खुर्चीत बसली आणि कुणाकडेच न बघता बोलायला लागली. "चाळीस दीस झालं. गॅस बंद केला का बघाया तीन-तीनदा उठती. पोरीला इचारती, मी आत्ता तुझ्यासंगं बोलले ती खरं का गं? डोळं मिटायची भ्या वाटती. डोळं मिटल्यावर मी काय करून ठेवीन कोन जानं. दिसतंय त्येबी खरं वाटंना."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "ताई, माझं चुकलं. फार चुकलं," मी म्हटलं.

"तुमी लिवलं ना, मॅडम," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर मी सोसला असता. "शिकल्यालं मानूस लिवतंय म्हनल्यावर माझं डोळंच खोटं आसत्याल, आसं वाटलं मला."

तिने मान मागे भिंतीला टेकवली. दोन मिनिटांत तोंड उघडं पडलं आणि श्वास लांब झाला. पंच चपला हातात घेऊन बाहेर गेले. लंकाबाईसुद्धा गप्प झाली. आदिनाथने ती एक ओळ घातली, आणि मी बंद ठेवायला लावलेली सोय चालू केली. पेटी पुन्हा सुरू झाली तरी राजेश्वरी हलली नाही.

पाच वाजले आणि संध्याकाळचं दूध घेऊन बाया यायला लागल्या. काट्यापाशी मी उभी राहिले. आदिनाथ उंबऱ्यावर गेला आणि येणाऱ्या प्रत्येकीला खालच्या आवाजात सांगत राहिला, "कॅन हळू ठेवा, ताई झोपल्यात."

एकही बाई हसली नाही.